गार्मसाठी भाकरी

डकोटा, १८ जुलै १८८६

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी उठले नाही. आई खरंच असं म्हणाली? "हाल्डेच्या रक्ताचं कुणीतरी एकदा डोळ्यांनी बघितलं की सुखानं मरेन"? आपली आई, जी जन्मात कधी कुणाला "ये" म्हणाली नाही, नेहमी "आलीस का?" म्हणाली! पाच वेळा वाचलं. सहाव्यांदा निल्सनं पत्र हातातून काढून घेतलं.

माझी गत तुला ठाऊकच आहे. गाडीचं चाक पायावरून गेल्यापासून घरातून गोठ्यापर्यंत जाते, तोच माझा प्रवास. म्हणून ठरवलं, माझ्या लेकीला, सोल्वेगला पाठवते. एकोणीस पूर्ण झाली, घोडी आहे नुसती, पण मनानं निर्मळ. बाप म्हणून निल्स आधी कुरकुरला. तो पडला नॉर्वेचा. त्याच्या मते आइसलंड म्हणजे देवानं समुद्रात फेकलेला दगड. मी म्हटलं, त्या दगडावर माझी आई बसली आहे. मग तोच बोटीच्या तिकिटाची चौकशी करून आला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती निघेल. बोटी मिळतील तशी अकुरेरीला उतरेल नि तिथून सोबत मिळेल तसतशी तुमच्याकडे येईल. आईला सांग. नाहीतर नकोच सांगूस, एकदम दारात उभी राहू दे!

इथं आसपास दोन दिवसांच्या वाटेवर आपला माणूस नाही, त्यामुळे पोरीला आपल्या रीती मलाच घोकून घ्याव्या लागल्या. इथले लोक कधीही येतात नि धडाधड दार वाजवतात. मी म्हटलं, बाई गं, तिकडे दिवसाउजेडी तीन थापा मारायच्या, बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं. अंधार पडला की दाराला हात लावायचा नाही. मातीच्या बुटक्या छपरावर चढायचं, त्यातल्या खिडकीशी तोंड न्यायचं आणि म्हणायचं, "इथं देव असो." एकच थाप मारून थांबतं ते मेलेलं असतं, त्याला कुणी दार उघडत नाही. ती हसते. म्हणते, "आणि छपरावरून घसरले तर काय म्हणायचं?"

नव्या कुत्र्याचं नाव गार्म ठेवलंस हे वाचून मीही हसले. आजोबांची गोष्ट संपायचा अवकाश, तू गोठ्याच्या दारात चार पायांवर! पाताळातल्या हेलबाईच्या दारातला कुत्रा, छाती रक्तानं माखलेली, मेलेल्यांच्या वाटेवरचा राखण्या. मी मेलेली, तू गार्म. जिवंतपणी ज्यानं भुकेल्याला भाकरी दिली त्याच्याच हातात तिथं भाकरी असते, ती पुढं केली की गार्म वाट देतो, असं आजोबा सांगायचे. तू माझी भाकरी खायचास आणि वर चावायचास, लबाडा! मनगटावर खूण आहे अजून. सोल्वेगला बजावून सांगितलंय, मामाच्या दारात कुत्रा आहे, खिशात भाकरी ठेव.

आईची कॉफी नेहमीसारखी वेगळ्या पुडक्यात निघाली आहे. शाल नि खडीसाखर सोल्वेग आणील.

तुझी
हाल्डोरा

*

क्लेट्टाकोट, आइसलंड, २४ ऑक्टोबर १८८६

प्रिय हाल्डे,

पत्र आणि पुडकं दोन्ही पोचली. कॉफी आईच्या हातात दिली. तिनं नाकाशी धरली आणि म्हणाली, "पोरीचा हात अजून सढळ आहे." डोळे ओले झाले होते तिचे.

पण मुलीला पाठवू नकोस. तू मुळातच विचार न करता उडी मारणारी, लहानपणापासून. खोऱ्यात गोवराची साथ आहे. गवत यंदा कमी, त्यात खिंडीतली वाट आपल्या माणसाला सापडत नाही ती परदेशात वाढलेल्या पोरीला काय सापडणार? आई स्वतः म्हणते, "कोवळ्या पोरीला या थंडीत कशाला? पुढं बघू." आईचं मन मोडू नकोस.

सोल्वेग निघाली नसेल तर चांगलंच. निघाली असेल तर अकुरेरीलाच वसंतापर्यंत थांबू दे, तसं तिला कळव. शाल नि खडीसाखर पुढच्या पुडक्यात पाठवलीस तरी चालेल.

तुझा
स्टेनोल्फ

*

क्लेट्टाकोट, १२ डिसेंबर १८८६

प्रिय हाल्डे,

तुझं उत्तर यायचंय, पण ही गंमत सांगितल्याशिवाय चैन पडेना.

नोव्हेंबरच्या तीस तारखेला, संत अँड्र्यूच्या सणादिवशी, आमच्याकडे भूत आलं! हसू नकोस. दुपारचे तीन वाजून गेले होते, अंधार पडला होता, वारा असा की छपराची माती उडते की काय असं वाटत होतं. दिवा लावला होता. बायका लोकर पिंजत होत्या, गडी दोर वळत होता, मी मोठ्यानं वाचत होतो. एवढ्यात दारावर थाप पडली. एकच. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. आमचा गडी ब्यार्नी, एवढा आडदांड गडी, बोटं वर धरून बसला, दुसरी पडते का मोजायला. पडलीच नाही. तुझी वहिनी गुद्फिन्ना तर पांढरीफटक!

मी काय घाबरतोय? दार वीतभर उघडलं आणि गार्मला बाहेर सोडलं. म्हटलं, "जा बेट्या, नाव काढ." आणि कडी लावली. अख्खी रात्र तो बाहेर. सकाळी मी एकटाच गेलो बघायला, बाकीच्यांना पाय बाहेर टाकू दिला नाही. अंगावर बर्फाचा थर, पण पठ्ठ्या दारात! आणि भुताचा पत्ता नाही. आता खोऱ्यात सगळीकडे याच्या पराक्रमाचीच चर्चा. आजोबा असते तर मांडीवर घेतलं असतं त्यांनी त्याला.

तुझी मुलगी आली नाही. बरंच झालं, माझं पत्र वेळेवर पोचलेलं दिसतं. आई ठीक आहे. थंडीत तिला कॉफी जास्त लागते.

तुझा
स्टेनोल्फ

*

डकोटा, ४ मार्च १८८७

दादा,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली, आज. सोल्वेग सप्टेंबरच्या सहा तारखेला निघाली. ऑक्टोबरच्या शेवटी लिहिलेलं तुझं पत्र तिला सप्टेंबरात कसं अडवणार? वेळेवर पोचलेलं दिसतं म्हणे! कुणाला पोचलं?

आणि त्याच थैलीत सोल्वेगचंही पत्र होतं. तुला उतरवून देते. मूळ पत्र मी हातातून सोडणार नाही.

"हॉल गाव, २९ नोव्हेंबर. आई गं, मी जिवंत आहे आणि माझ्या अंगाला मेंढीचा वास येतोय. अकुरेरीहून टपालवाल्याच्या सोबतीनं इथवर आले. तो दिवसभरात चार शब्द बोलतो, त्यातले तीन घोड्याशी. इथल्या म्हातारीनं ठेवून घेतलं. तीन दिवस म्हणतेय वादळ येणार, थांब, आणि तीन दिवस माझ्याकडून लोकर विंचरून घेतेय. मी काय खुळी आहे? उद्या सकाळी निघणार. खिंड उतरलं की मामाचं घर, अर्ध्या दिवसाची वाट, दगडांच्या खुणा आहेत. तुझी भाकरी पार दगड झालीय, पण जपलीय, कुत्र्यासाठी. छपरावर चढायचा सराव इथल्या गोठ्यावर केला. एकदा घसरले! आजी मला 'ये' म्हणते की 'आलीस का?' म्हणते ते ऐकते आणि तुला कळवते. तुझी सोल्वेग."

उद्या म्हणजे तीस तारीख. दादा, तीस तारीख.

मला सरळ उत्तर दे. तुझ्या भुतानं काय घातलं होतं? कुठल्या बाजूनं आलं? थाप मारल्यावर ते कुठं गेलं? गार्म सकाळी दारात होता म्हणतोस, त्याच्या तोंडाला रक्त होतं का? माझं डोकं ठिकाणावर नाही असं निल्स म्हणतो. तू लिही की खिंडीतून ती मागं फिरली, हॉलच्या म्हातारीकडे आहे, लोकर विंचरतेय. तेवढं लिही. बाकी काही नको.

हाल्डोरा

*

क्लेट्टाकोट, ३० मे १८८७

प्रिय हाल्डे,

मन घट्ट करून वाच. मे महिन्यात बर्फ वितळलं तेव्हा घराखालच्या घळीत एक मुलगी सापडली. बॅगेत शाल होती, खडीसाखर होती, त्यावरून ओळखली. वाट चुकून घळीत उतरली असावी. पाद्रीबाबांनी व्यवस्थित पुरलं, मी स्वतः पेटी केली, चांगल्या लाकडाची.

तू विचारतेस म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो. त्या संध्याकाळची थाप तिचीच असेल, तर मग हाल्डे, दोष कुणाचा? अंधारात दार कोण वाजवतं? शेंबडं पोर वाजवत नाही या खोऱ्यात! तू तिला परक्यांत वाढवलीस, परक्या रीती लावल्यास, आणि मग आमच्या दारात पाठवलीस. छपरावर चढायला शिकवलं म्हणतेस. मग चढली का नाही? एक शब्द तोंडातून काढला असता तर मी अंगावरची कातडी काढून तिला पांघरली असती. आम्ही सात माणसं आत होतो, सातांनी ऐकलं, थाप एकच. तू आई आहेस, तूच ठरव तिला कुणी मारलं ते. मी काही म्हणत नाही.

गार्म बिथरलाय. साखळीनं बांधून ठेवावं लागतं.

आई फार रडते. तुला दोष देत नाही, ती कधीच देत नाही. कॉफी संपत आली आहे तिची.

तुझा
स्टेनोल्फ

*

डकोटा, २५ जुलै १८८७

आई,

हे पाकीट तुझ्या नावानं पाठवते. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. मागच्या साली पाठवलेला चष्मा लाव.

दादा म्हणतो सोल्वेगला मी मारलं. असेल. मी रात्रंदिवस आठवून बघते, मी तिला नेमकं काय शिकवलं. छपरावर चढ म्हटलं होतं, नक्की म्हटलं होतं. बोटं गारठली तर काय करायचं ते सांगितलं का? नाही. घसरलीस तर दारावर आपटशील, आणि ती एकच थाप ठरेल, हे सांगितलं का? नाही. कुणाच्या डोक्यात येणार?

पण आई, तुझा पलंग खिडकीखाली आहे. तुझे कान असे की गाय कूस बदलायची नि तू जागी व्हायचीस. तू काय ऐकलंस? तू का नाही म्हणालीस, "अरे उघडा, माणूस आहे"? तू म्हणाली असतीस तर दादाची काय टाप होती न उघडायची!

मला शिव्या दे, पण तू स्वतः लिही. दोन ओळी.

तुझी हाल्डे

*

क्लेट्टाकोट, २८ सप्टेंबर १८८७

वन्सं,

तुमची वहिनी गुद्फिन्नाचा नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल समजून घ्या.

हे मेंढ्या खाली आणायला डोंगरात गेलेत. टपालवाल्यानं पाकीट माझ्या हातात दिलं. त्यावर सासूबाईंचं नाव. मला वाटलं माझे डोळे फिरले. फोडलं. तुम्ही माफ करा नाहीतर करू नका.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेल्या. साडेतीन वर्षं झाली. चर्चच्या उत्तरेला आहेत, मी दर रविवारी जाते. तुम्हाला कळवलं असं हे म्हणाले होते. तुमची पत्रं हेच वाचून दाखवायचे, "हाल्डे आपल्याला आठवणीनं कॉफी पाठवते" म्हणायचे. बॅगेतली शाल मला दिली. चष्मा अकुरेरीच्या दुकानात दिला. मेलेल्या बाईच्या नावानं कॉफी येते हे मला ठाऊक नव्हतं. मी प्याले. रोज प्याले.

आता त्या संध्याकाळचं. यांनी तुम्हाला अर्धंच लिहिलं.

थाप एकच पडली, ते खरं. पण नंतर छपरावर खसफस झाली. खिडकीशी आवाज आला. बाईमाणसाचा, बोलणं आपलं पण वळण परकं. म्हणाली, "इथं देव असो." अगदी स्पष्ट. ब्यार्नी उठलाच. मग ती म्हणाली, "आजी, मी आले. आजी, दार उघड."

वन्सं, आमच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आजी तर चर्चच्या उत्तरेला. मेलेल्या म्हातारीला हाक मारत, एक थाप मारून, कोण येतं? आम्हाला ते भूतच वाटलं. तुमची मुलगी येणार आहे हे घरात एकाच माणसाला माहीत होतं. ते उठले नाहीत. ब्यार्नीला म्हणाले, "बस खाली. देवाचं नाव घेऊन मेलेल्याला बोलावतं ते सगळ्यांत वाईट." आणि पुस्तक उघडून पुढचं पान वाचायला लागले. आवाज जरासुद्धा कापला नाही. ती पुन्हा म्हणाली, "आजी." मग नाही म्हणाली.

मगच यांनी गार्मला सोडलं. आम्ही कान टवकारून बसलो, आता भुंकेल, मग भुंकेल. तो एकदाही भुंकला नाही.

सकाळी हे एकटे गेले, दोन तासांनी परत आले. गार्मला दोर बांधून ओढत आणला, येत नव्हता. मी त्याचं अंग पुसायला बसले. पोटाकडचे केस कोरडे होते, बर्फ फक्त पाठीवर. आणि त्या केसांत एक लांब पिवळा केस गुंतला होता. मी तो सोडवला, चुलीत टाकला, कुणाला बोलले नाही.

सगळा हिवाळा तो घळीकडे पळायचा. म्हणून साखळी. मे महिन्यात साखळी तुटली, आम्ही मागं गेलो. तो तिच्या अंगावर पसरून बसला होता, कुणाला जवळ येऊ देईना. माझ्याकडे बघून दात काढले, मी त्याला लहानाचा मोठा केला तरी. तिच्या हातमोज्यात अर्धी भाकरी होती. दुसरी अर्धी कुणी खाल्ली ते तुम्ही समजा. त्यानं तिला वाट दिली होती.

हे परत येतील. तुमचं पत्र मी चुलीत टाकलंय.

गुद्फिन्ना

*

डकोटा, ३० नोव्हेंबर १८८७

दादा,

आजची तारीख बघून ठेव.

सगळं कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. घरात कुणाला मारलंस तर तेही मला कळेल.

तू मला आईचं मरण दिलं नाहीस. रडायलासुद्धा दिलं नाहीस. तीन वर्षं तिच्या तोंडी शब्द घालत बसलास, एका पुडक्यासाठी! "हाल्डेच्या रक्ताचं कुणीतरी बघितलं की सुखानं मरेन." ते वाक्य तू रचलंस. त्या वाक्यानं माझी पोर तुझ्या दारात आणली. आणि ती आली तेव्हा तू पान उलटलंस.

लहानपणी वाटायचं तू गार्म छान करतोस. नाही रे. गार्मला भाकरी कळते.

मी येतेय. पाय तुटला असला तरी येतेय, सरपटत खिंड उतरेन. कधी ते सांगत नाही. अंधार पडल्यावर येईन. छपरावर मला चढता येणार नाही, तेव्हा दारावर एक थाप मारीन. एकच. मग तू ठरव बाहेर कोण आहे.

हाल्डोरा

*

क्लेट्टाकोट, ९ डिसेंबर १८८८

वन्सं,

तुमचं पत्र फेब्रुवारीत आलं. यांनी वाचून खिशात ठेवलं, पुढं कधी काढून वाचताना दिसले नाहीत, पण कोट मात्र झोपतानाही काढला नाही. मला काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

उन्हाळ्यात बरे होते. प्रत्येक बोटीची चौकशी करायचे, लंगडी बाई उतरली का. लोकांना वाटलं काही लफडं आहे, हसायचे. सप्टेंबरपासून अंधार लवकर पडायला लागला तसे दारापाशी स्टूल टाकून बसायला लागले. लाकूड तडकलं तरी उभे राहायचे. एकदा मेंढा शिंगं घासत होता तर दार उघडून बाहेर बर्फात गेले आणि "हाल्डे, हाल्डे" करत गोठ्याला तीन फेऱ्या मारल्या. अर्धे झाले होते. मी त्यांना कॉफी करून द्यायची. शेवटची होती, ती प्यायचे नाहीत, नुसतं कपाकडे बघायचे.

नुकतीच नोव्हेंबरची तीस तारीख झाली. दुपारी हे मेंढ्यांकडे गेले. वादळ आलं. दार आपटत होतं म्हणून मी कडी लावली. अंधार पडला, दिवा लावला, लोकर घेऊन बसलो. पुस्तक कोण वाचणार, म्हणून ब्यार्नीनं वाचायला घेतलं, तो अडखळत वाचतो.

दारावर थाप पडली. एकच. बहुतेक हेच वाऱ्यानं दारावर आपटले असावेत.

ब्यार्नी उठला. मी म्हटलं, "बस खाली."

मग खिडकीशी आले. "इथं देव असो," म्हणाले. "गुद्फिन्ना, मी आहे गं, उघड." त्यांचाच आवाज. मी तीस वर्षं तो आवाज ऐकलाय, चूक होईल का? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "एक थाप मारून देवाचं नाव घेतं ते सगळ्यांत वाईट. मालकांनीच शिकवलंय आपल्याला. ब्यार्नी, वाच पुढं." त्यानं वाचलं. मी लोकर पिंजत राहिले. एवढी मऊ लोकर माझ्या हातून कधी निघाली नव्हती.

ते बराच वेळ हाका मारत होते. तुमच्या मुलीपेक्षा जास्त वेळ. शेवटी गार्मला हाक मारली. गार्म आतच होता, दारापाशी, पंजांवर हनुवटी ठेवून. डोळे उघडे होते. उठलाच नाही.

पाद्रीबाबांना सांगितलं, वाऱ्यात काही ऐकू आलं नाही. तुमच्या मुलीच्या शेजारी जागा होती, पण मी तिथं पुरू दिलं नाही. खिशातलं पत्र काढून घेतलं.

तुमच्या मनासारखं झालं असेल तर एक ओळ लिहा. मला घरात फार गार वाटतं हल्ली. आणि वन्सं, वाईट वाटून घेऊ नका, कॉफी पूर्ण संपली आहे.

तुमची
गुद्फिन्ना

*

डकोटा, १० मार्च १८८९

वहिनी,

पत्र मिळालं. निल्सला वाचून दाखवलं नाही, तो देवभोळा आहे.

दादासाठी मला रडू आलं. तुला खोटं वाटेल, पण आलं. तो चार पायांवर गोठ्याच्या दारात उभा दिसला, आठ वर्षांचा, तोंडात माझी भाकरी. मग रडू थांबलं.

तू विचारतेस, मनासारखं झालं का. मी तुझं जुनं पत्र काढून पुन्हा वाचलं. माझी मुलगी "इथं देव असो" म्हणाली, "अगदी स्पष्ट" असं तूच लिहिलंस. दादा खोटं बोलत होता म्हणून उठला नाही. तू का नाही उठलीस? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा केस तुझ्या हातात होता. भुताला केस असतात का गं? तिला घळीतून काढायला तेव्हा मे महिना लागला नसता. तू तो केस चुलीत टाकलास आणि त्याच चुलीवर कॉफी ठेवलीस. माझ्या आईची कॉफी.

आता नवऱ्याचा आवाज ओळखूनही लोकर पिंजत बसलीस, आणि ते मला नजराणा म्हणून पाठवतेस. मी मागितला नव्हता.

दादाला येतेय म्हणून लिहिलं, तेव्हा मी बोटीचं तिकीट काढलं नव्हतं. कधी काढणारही नव्हते. आता काढलंय की नाही, ते तुला दारावर थाप पडेल तेव्हा कळेल. एकच मारीन.

गार्मला बांधू नकोस. भाकरी मी आणते.

हाल्डोरा